काळ्या सेडानचं पॉलिश : पायऱ्यांचा क्रम ठरवतानाच्या नोंदी (इंदूर, मार्च-एप्रिल २०२५)

गाडी : काळी मेटॅलिक सेडान, २०१९ ची, कॉलनीत उघड्यावर उभी राहणारी. मागचं डावं दार एकदा रंगवलेलं, असं मालक सांगतात. बाकी रंग कंपनीचा.

काम : रोजच्या कोरड्या फडक्याने पडलेलं चऱ्यांचं जाळं काढणं, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) शक्य तितका राखणं, वर सिरॅमिक कोटिंग.

मुदत : ३० मार्चला पाडवा. त्या सकाळी गाडी दारात पूजेला हवी. कोटिंगनंतर निदान २४ तास पाणी लागता कामा नये, म्हणजे २८ च्या संध्याकाळी शेवटचा हात फिरून झालेला हवा. सगळं उलटं मोजत आलं की पॉलिशसाठी चार दिवस उरतात.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. गाडी गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) रस्त्यापासून लांब उभी होती, तरी काचेच्या रबरांत, बॉनेटच्या फटीत आणि नंबरप्लेटच्या मागे गुलाल बसलाय. कोरडा गुलाल झटकायचा किंवा पुसायचा नाही. त्यात नुसता रंग नसतो, बारीक कच असते, आणि काळ्या क्लिअरवर तिची एक ओढ म्हणजे एक चरा.

आधी नुसतं पाणी, वरून खाली, प्रेशर वॉशरचं तोंड पत्र्यापासून हातभर लांब. फटींतून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत हेच. मग फोम, पाच मिनिटं, पण वाळू द्यायचा नाही. फोम अंगावर असतानाच फटी आणि रबरं मऊ ब्रशने. खालच्या काळ्या प्लास्टिकला ऑल-पर्पज क्लीनर एकास दहा. मग पुन्हा पाणी, आणि त्यानंतरच हातमोजा : दोन बादल्या, दोन्हींत तळाला जाळी, एकीत शाम्पू, दुसरीत मोजा खळबळायचं पाणी. दारांचा खालचा तिसरा भाग सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या मोज्याने.

पाण्याचं इथे सांभाळावं लागतं. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार मोजणारा टीडीएस मीटर ७०० च्या वर दाखवतो. गाडी धुवायला ते चालेल, पण शेवटचा हात नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याचा आणि लगेच टॉवेल. मार्चमध्ये सकाळी नऊनंतर काळं बॉनेट इतकं तापतं की थेंब पुसायच्या आत वाळतो आणि क्षाराचं वर्तुळ सोडून जातो. धुलाई साडेसहाला सुरू केली ती याचसाठी.

२१ मार्च, शुक्रवार

डांबर, लोखंड, क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा). यांचाही क्रम असतो, आणि तो अनेक ठिकाणी उलटा केलेला दिसतो.

डांबर आधी. डांबराच्या ठिपक्याखाली ब्रेकची लोखंडी धूळ अडकलेली असते. वरचं झाकण निघाल्याशिवाय आयर्न रिमूव्हर तिच्यापर्यंत पोचत नाही. टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन ठिपक्यावर मिनिटभर दाबून धरायचा. घासायची गरज पडली तर वेळ कमी दिला असं समजावं. मग शाम्पूचा एक हात, कारण टार रिमूव्हरचा तेलकट थर राहिला तर पुढचं रसायन त्यावरून घसरून जातं.

मग आयर्न रिमूव्हर, थंड आणि ओलसर पत्र्यावर, तीन ते चार मिनिटं. लोखंड विरघळल्याचे जांभळे ओघळ मागच्या चाकांच्या पाठीमागे आणि डिकीच्या खालच्या कडेला जास्त दिसले, छतावर जवळजवळ नाहीत. वास कुजक्या अंड्यांचा येतो, शेडचं दार उघडं ठेवून काम करावं.

क्ले शेवटी. जे रसायनाने विरघळतं ते क्लेने ओढून काढण्यात अर्थ नाही, ओढताना चरे पडतात. ५० ग्रॅमचा तुकडा चपटा करून, भरपूर शाम्पूच्या पातळ पाण्यावर, दाब न देता, सरळ रेषेत. हाताला खरखर लागायची थांबली की पुढे. तुकडा मळला की घडी घालून नवा पृष्ठभाग वर आणायचा, जमिनीवर पडला तर थेट कचऱ्यात. पुढे पॉलिश होणार आहे म्हणून मध्यम क्ले घेतला. नुसतं धुऊन वॅक्स लावायचं असतं तर बारीक क्लेच घेतला असता, कारण मध्यम क्लेची खूण मागे उरते.

बॉनेट आणि छतावर पाण्याचे गोल डाग. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, फडक्यावर घेऊन दोन मिनिटं ठेवलं. अर्ध्याहून जास्त डाग गेले, ते नुसते क्षार होते. जे राहिले त्यांची कड नखाला लागत नाही, पण दिव्याखाली वर्तुळ दिसतं : तिथे क्लिअर खरवडला गेलाय. ते पॉलिशच्या वाट्याचे. हा फरक आज झाला नसता तर परवाच्या चाचणीत क्षारांवर कंपाउंड (सगळ्यात जास्त कापणारं पॉलिश) घासत बसलो असतो आणि रंग कडक आहे असा भलताच निष्कर्ष निघाला असता.

२२ मार्च, शनिवार

मोजणी. गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) आधी शून्याच्या पट्टीवर आणि सोबतच्या फॉइलवर जुळवून घेतला. प्रत्येक पॅनेलवर पाच जागा, जागांचा फोटो, म्हणजे पॉलिशनंतर तिथेच परत मोजता येईल.

बॉनेट १०८ ते ११६ मायक्रॉन. छत ११२ ते ११८. डिकी १०१ ते १०९. उजवी दारं ११० च्या आसपास. पुढचं डावं फेंडर ११४. मागचं डावं दार २१५ ते २४०. बंपर प्लास्टिकचे, त्यांवर आमचा गेज चालत नाही.

दोन गोष्टी या आकड्यांवरून काढायच्या नाहीत. गेज पत्र्यावरचा सगळा थर मिळून मोजतो : प्रायमर, रंग, क्लिअर, सगळं. क्लिअर वेगळा दाखवत नाही. कंपनीच्या रंगात तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो आणि उन्हापासून वाचवणारी द्रव्यं त्याच्या वरच्या भागात जास्त असतात, म्हणून वरचे मायक्रॉन खालच्यांपेक्षा महाग. दुसरी गोष्ट, २४० वाचून दार जाड आहे, बिनधास्त घासा, असं म्हणायचं नाही. जास्तीची जाडी पुट्टीची, प्रायमरची किंवा जुन्या रंगाची असू शकते, क्लिअर कदाचित कंपनीच्यापेक्षाही पातळ असेल.

डिकी बाकीच्यांपेक्षा सातआठ मायक्रॉनने कमी का, ते दिव्याने सांगितलं. तिच्यावर एकाच दिशेने वळणारे लांब, धुरकट पट्टे आहेत, होलोग्राम. म्हणजे डिकीला आधी कधीतरी रोटरी मशीन आणि वूल पॅडने रबिंग झालंय आणि पुढची पायरी झालेलीच नाही. ‘भिया, रबिंग मार दो’ म्हणून आलेल्या गाडीला दोन तासांत चकाकी देण्याचा हा रस्ता. चकाकी खरी असते, पण तिच्यात तेल आणि ग्लेझचा (चरे भरून झाकणाऱ्या द्रवाचा) वाटा मोठा, आणि चार धुलायांत पट्टे वर येतात.

म्हणून तपासणीआधी सगळी गाडी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसली, डिस्टिल्ड पाण्यात १५ टक्के. पुसल्यावर बॉनेटवर आधी न दिसलेले आठदहा चरे उघडे पडले.

आता यादी : सगळीकडे फडक्याचं बारीक जाळं. बॉनेट आणि छतावर कोरलेले पाण्याचे डाग. डिकीवर होलोग्राम. बॉनेटवर पक्ष्याच्या विष्ठेचा एक ठसा, काठ किंचित उचललेले. डाव्या फेंडरवर एक लांब ओरखडा, नख अडकतं. नख अडकतं तो ओरखडा आजपासून यादीबाहेर. त्याचं वेगळं बघू.

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस चाचणीचा. मशीन १५ मिमी थ्रोचं (पॅड फिरता फिरता तेवढ्या वर्तुळात हलवणारं) ड्युअल अ‍ॅक्शन, पाच इंची प्लेट. सकाळी पत्रा २४ अंश, दुपारी शेडमध्येही ३४. बॉनेटच्या सपाट भागात टेपने ४५ बाय ४५ सेंटिमीटरचे चौकोन, कडांपासून आणि उठावाच्या रेषेपासून चार बोटं आत. चौकोन जिथे दोष सरासरी आहे तिथे घ्यावा. सगळ्यात वाईट जागा निवडली की सगळ्या गाडीला तिचं औषध मिळतं.

चाचणीची दिशा खालून वर : आधी सगळ्यात सौम्य. कामाची दिशा वरून खाली : आधी कापणारं, मग उजळवणारं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यात एक सुटतं ते असं, की सौम्य चौकोन नुसता अपयशी प्रयत्न म्हणून पुसून टाकायचा नसतो. तो शेवटची पायरी ठरवून देतो. शेवटच्या पायरीला काय आवरता येतं हे कळलं की पहिली पायरी किती आक्रमक असू शकते ते आपोआप ठरतं. क्रम मागून पुढे ठरवायचा.

पहिला चौकोन. मऊ फोम, फिनिशिंग पॉलिश, वेग ४, चार फेऱ्या. जाळं साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी. डाग जसेच्या तसे. पण मागे काही सोडलं नाही : दिव्याखाली धूसरपणा नाही, रेघा नाहीत, काळा खोल. या रंगावर ही जोडी स्वच्छ संपते. शेवटची पायरी ठरली.

दुसरा चौकोन. मध्यम फोम, मध्यम पॉलिश, वेग साडेचार, पाच फेऱ्या. जाळं जवळजवळ गेलं. डागांची वर्तुळं पुसट झाली, गेली नाहीत. थोडा धूसरपणा, फक्त पेन टॉर्चमध्ये दिसणारा.

तिसरा. मायक्रोफायबर कटिंग पॅड, कंपाउंड, वेग ५, चार फेऱ्या. डाग गेले, जाळं गेलं, विष्ठेच्या ठशाचे काठ बसले. पण पृष्ठभाग राखाडी. हा रंग मऊ आहे आणि मायक्रोफायबरच्या धाग्यांनी त्यावर स्वतःची बारीक जाळी विणली.

चौथा. तेच कंपाउंड, पॅड तेवढा बदलला : कटिंग फोम. वेग ५, सहा फेऱ्या. डाग गेले, एखादं वर्तुळ अंधूक. धूसरपणा आहे, पण तिसऱ्याच्या मानाने अर्धाही नाही.

नेहमीचा नियम असा ठेवला आहे की जोर वाढवायचा किंवा कमी करायचा तर आधी पॅड बदलावा, मग द्रव. एका वेळी एकच. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि पॅडचा परिणाम बहुतेक वेळा बाटलीवरच्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

मग चारांतल्या शेवटच्या तिघांवर पहिल्या चौकोनाची जोडी फिरवली, एकच राउंड, चार फेऱ्या, आणि अल्कोहोलने पुसलं. दुसरा स्वच्छ, पण डाग तिथेच. चौथा स्वच्छ. तिसऱ्यावर धूसर जाळी उरली, आणखी एका राउंडने कमी झाली, संपली नाही. म्हणजे मायक्रोफायबर वापरायचा तर मध्ये मध्यम पॉलिशची पायरी घालावीच लागेल.

तीन पायऱ्या की दोन, याचं उत्तर इथे आहे. जास्त पायऱ्या म्हणजे जास्त चांगलं काम, अशी एक समजूत गिऱ्हाइकांतही असते आणि दरपत्रकातही. मधली पायरी खरं तर पहिलीने केलेला पसारा आवरते. पहिलीने पसाराच कमी केला तर मधली लागत नाही, तेवढा क्लिअर वाचतो आणि एक दिवसही. कटिंग फोमला दोन फेऱ्या जास्त लागतात, ते परवडतं. कडक क्लिअरच्या गाडीवर, जर्मन गाड्यांत तो बऱ्याचदा भेटतो, हिशेब उलटा निघाला असता : तिथे फोम नुसता तापत राहतो, मायक्रोफायबर किंवा वूल पटकन कापतं आणि मागे धूसरपणाही कमी सोडतं.

ठरलेला क्रम :
बॉनेट, छत, डिकी : कटिंग फोम आणि कंपाउंड, मग मऊ फोम आणि फिनिशिंग.
उजवी दारं, पुढचं डावं दार, फेंडर, बंपर : मध्यम फोम आणि मध्यम पॉलिश, मग तेच फिनिशिंग. उभ्या भागांवर पाण्याचे डाग नाहीत, कंपाउंडची गरज नाही.
मागचं डावं दार : वेगळी चाचणी.

२४ मार्च, सोमवार

सकाळी टेप. रबरं, काळं प्लास्टिक, लोगो, वायपरचे नोझल, दिव्यांच्या कडा, आणि पॅनेलच्या धारा. प्लास्टिकवर कंपाउंड लागून वाळलं की पांढरं बसतं आणि निघता निघत नाही. धारांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा दाब तिथे एका रेघेवर येतो, रंग जाळण्याचे बहुतेक प्रसंग धारांवरचे. टेप संध्याकाळी काढायचा, रात्रभर ठेवला तर या उकाड्यात गोंद रबरावर राहतो.

पॅनेलचा क्रम छत, बॉनेट, डिकी, मग बाजू. धूळ खाली पडते. आणि एका पॅनेलच्या दोन्ही पायऱ्या संपवून पुढे जायचं नाही. आधी कंपाउंड आणि मध्यम पॉलिश सगळ्या गाडीवर, मग गाडी धुऊन, पॅड आणि फडके बदलून फिनिशिंग. नाहीतर शेजारच्या पॅनेलचं कंपाउंड उडून तयार झालेल्या पॅनेलवर बसतं आणि फिनिशिंग पॅडमध्ये शिरतं. मऊ पॅडमध्ये कंपाउंडचा एक कण म्हणजे सगळ्या छतावर बारीक गोल खुणा, आणि दोष पॉलिशच्या बाटलीला दिला जातो.

२५ मार्च, मंगळवार

छत आणि बॉनेट. नोंदण्यासारखं सगळं हाताच्या सवयीचं आहे, तरी लिहून ठेवतो.

नवा पॅड कोरडा चालवायचा नाही. पहिल्यांदा पूर्ण तोंडावर कंपाउंड बोटाने पातळ चोळायचं, नंतर प्रत्येक भागाला वाटाण्याएवढे तीन थेंब. भाग ५० बाय ५०, त्याहून मोठा घेतला की शेवटच्या फेरीपर्यंत द्रव वाळतो. मशीन पत्र्यावर टेकवूनच चालू करायचं, वेग १ वर पसरवायचं, मग ५. हात सेकंदाला दोनतीन सेंटिमीटर. हे बघणाऱ्याला फार हळू वाटतं आणि नवशिक्याचा हात याच्या दुप्पट वेगाने पळतो. फेऱ्या आडव्या, मग उभ्या, अर्धा पॅड आधीच्या रेघेवर चढवून. दाब पहिल्या चार फेऱ्यांत मध्यम, शेवटच्या दोनांत मशीनचं वजन तेवढं.

प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ. पॅड फिरतोय की नुसता थरथरतोय ते तिच्यावरून दिसतं. छताच्या कडेच्या वळणावर रेघ थांबली, म्हणजे पॅडची एकच बाजू टेकली होती. दाब कमी करून मशीन सपाट केलं की परत फिरते. पॅड न फिरता सहा फेऱ्या केल्या तरी कापलं जात नाही, आणि मग कंपाउंड कमजोर आहे म्हणून लोक वरचं घ्यायला जातात.

प्रत्येक भागानंतर पॅड हवेने साफ. कंप्रेसर नसेल तर नायलॉनच्या ब्रशने, मशीन मंद चालू ठेवून. छताला दोन पॅड, बॉनेटला दोन. पॅडचा मधला भाग आतून तापतो, बाहेरून कळत नाही. वेल्क्रो सैल वाटलं तर पॅड आधीच गेलेला असतो. पत्र्याचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरवर ४५ च्या आत ठेवलं.

दुपारी बारानंतर धूळ सुरू झाली : पांढरी भुकटी, पुसताना ओढली जाणारी. कारण तीनच असतात : द्रव जास्त, पॅड भरलेला, किंवा पत्रा गरम. आज तिसरं. थेंब वाढवून उपयोग नाही, उलट भुकटी वाढते. फवाऱ्याने डिस्टिल्ड पाण्याचा एक पुसट झोत पॅडवर मारून तो भाग संपवला आणि काम चारपर्यंत बंद. उरलेलं संध्याकाळी.

बॉनेटचं मोजमाप, त्याच पाच जागा : सरासरी ११२ वरून ११० वर. गेजची स्वतःची चूक दोन-तीन मायक्रॉनची, म्हणून एका जागेचा फरक वाचायचा नाही, पाचांची सरासरी वाचायची. तीही अंदाजच. विष्ठेचा ठसा तिरप्या उजेडात अजून ओळखू येतो, समोरून नाही. तिथे परत फिरलो नाही.

२६ मार्च, बुधवार

डिकी सकाळी लवकर. इथे आधीच सातआठ मायक्रॉन गेलेले आहेत, म्हणून कंपाउंड नको, निदान आधी नको. होलोग्राम खोल नसतात, डोळ्यांना मोठे दिसतात, कारण सगळे एकाच दिशेत असतात. मध्यम फोम, मध्यम पॉलिश, पाच फेऱ्या, पट्ट्यांना आडवं. गेले. २३ तारखेच्या यादीत डिकीपुढे कंपाउंड लिहिलं होतं, ते खोडलं. चाचणी बॉनेटवरची, आणि बॉनेटचा इतिहास डिकीला लागू नाही.

मग बाजू, ठरल्याप्रमाणे. सरळ काम. खांबांना आणि दाराच्या मुठींभोवती तीन इंची पॅड. छोटा पॅड एका जागी जास्त फिरतो आणि लवकर तापतो, वेग एकने कमी.

२७ मार्च, गुरुवार

मागचं डावं दार. रंग केव्हा झाला ते मालकांना नेमकं आठवत नाही, पण वर्ष झालंय असं म्हणतात. ते महत्त्वाचं, कारण ताज्या रंगातून सॉल्व्हंट उडत असतो, आणि महिनाभर तरी त्यावर कोटिंग किंवा जाड वॅक्स बंद करून बसवू नये.

चाचणी परत खालून. मऊ फोम आणि फिनिशिंग : इथेही स्वच्छ, आणि कंपनीच्या रंगापेक्षा जास्त जाळं काढलं. मध्यम फोम आणि मध्यम पॉलिश : जाळं संपलं, पण पुसताना फडका चिकटतो, पत्रा रबरासारखा ओढतो. रिफिनिश, म्हणजे परत रंगवताना मारलेला, क्लिअर बहुधा मऊ असतो आणि उष्णतेने आणखी मऊ पडतो. वेग ४ वर आणला, फेऱ्या तीन, आणि मधूनमधून दार थंड होऊ दिलं. चिकटणं थांबलं. दर आठवड्याला एक तरी गाडी अशी येते जिच्या रंगवलेल्या दाराला बाकी गाडीचाच क्रम लावलेला असतो आणि तेवढं एक दार उन्हात धुरकट दिसतं.

रंगात अडकलेले धुळीचे चार कण होते. त्यांच्यापुरताच २००० चा वॉटर पेपर (ओला घासायचा बारीक पॉलिश पेपर), रबरी गुटक्यावर बोटभर तुकडा, साबणाच्या पाण्यावर, कण सपाट होईपर्यंतच. मग ३०००. मग तीन इंची मध्यम फोम. २००० वरून सरळ पॉलिशवर उडी मारली तर पॉलिशला तिप्पट घासावं लागतं आणि त्या गोल ठिकाणी क्लिअरमध्ये खड्डा होतो. मधली पायरी इथे मात्र सोडायची नाही : पेपरची खूण आणि फोमचा धूसरपणा या दोन वेगळ्या खोलीच्या गोष्टी आहेत.

फेंडरचा ओरखडा. पूर्ण काढायचा तर पेपर लावावा लागेल, आणि नख अडकण्याइतकी खोली म्हणजे क्लिअरचा मोठा भाग जाणार. तळाला पांढरं दिसत नाही, म्हणजे रंग शाबूत आहे. काठ तेवढे मध्यम पॉलिशने गोल केले. धारदार काठ उजेड परत फेकतो म्हणून ओरखडा चमकतो, काठ मोडले की चार फुटांवरून हरवतो. मालकांना दिव्याखाली दाखवलं. ‘काका, हा राहणार, पण रंग टिकेल’, एवढंच सांगितलं. त्यांना पटलं.

संध्याकाळी गाडी परत धुतली, फटींतली कंपाउंडची भुकटी हवेने काढली, टेप पूर्ण काढून कडा हाताने केल्या. मग फिनिशिंग : मऊ फोम, वेग ४, शेवटच्या फेरीला ३, दाब नाही. छत, बॉनेट, डिकी. फिनिशिंगला पॅड स्वस्तात वापरू नयेत : प्रत्येक मोठ्या पॅनेलला नवा किंवा धुतलेला. पॅड वॉशिंगसाठी भांड्याचा साबण नाही, ऑल-पर्पज क्लीनरच्या पातळ पाण्यात, आणि सावलीत तोंड खाली करून वाळवणं.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी सहाला बाजूंचं फिनिशिंग. साडेनऊला गाडी बाहेर उन्हात, आणि आत सगळे दिवे बंद करून एकच टॉर्च. चार दिवे लावून काळी गाडी तपासणं फुकट, एक दिवा दुसऱ्याचा दोष झाकतो. आधी १५ टक्के अल्कोहोलचा हात. पॉलिशचं तेल बारीक चरे भरून काढतं, ते निघाल्याशिवाय पास-नापास ठरवायचं नाही. जास्त तीव्र अल्कोहोल रिफिनिश दारावर नको, थोडा वेळ क्लिअर फुगतो आणि मग चरे दिसतही नाहीत.

छतावर एक पट्टा धूसर निघाला, टॉवेलच्या लेबलाची ओढ असावी तशी सरळ. तेवढ्या भागावर फिनिशिंगचा एक राउंड. टॉवेलांची लेबलं कापून टाकली आहेत ना, ते आता धुतानाच बघायचं.

दुपारी शेडचं दार बंद, कोटिंग चारनंतर, पत्रा ३० च्या खाली आल्यावर. ३० मिलीची बाटली, सेडानला बहुतेक सगळी लागते. ६० बाय ६० चे भाग, आडवं-उभं. बाटलीवर दोन-तीन मिनिटं लिहिली आहेत, पण या हवेत मिनिटाच्या आतच इंद्रधनुषी झाक येते. झाक आली की पहिल्या टॉवेलने समतल, दुसऱ्याने पुसणं. उशीर झाला तर गडद ठिपका तसाच घट्ट बसतो आणि काढायला परत पॉलिश. प्रत्येक पॅनेलनंतर टॉर्च तिरपा धरून बघितलं, डिकीवर एक ठिपका वेळेत सापडला.

२९ मार्च, शनिवार

गाडी शेडमध्ये, हात नाही. खर्च : कंपाउंड साधारण ८० मिली, मध्यम पॉलिश ७०, फिनिशिंग ९०. पॅड कटिंग फोम चार, मध्यम पाच, मऊ सहा.

मालकांना लिहून दिलं : ७ एप्रिलपर्यंत शाम्पू नको, पाण्याचे थेंब पडले तर मऊ टॉवेलने टिपून घ्यायचे, पक्ष्याची विष्ठा लगेच ओल्या फडक्याने उचलायची. आणि कॉलनीत सकाळी गाड्या पुसणाऱ्याला या गाडीला हात लावू द्यायचा नाही. कोटिंगवरही कोरडा फडका चरे पाडतो, फक्त थोडा सावकाश. गाडी उद्या सकाळी सातला जाईल.

१३ एप्रिल, रविवार

पहिली धुलाई इथेच. पाण्याचे सगळीकडे सारखे गोल थेंब होताहेत, रंगवलेल्या दारावरही. टॉर्चखाली छत आणि बॉनेट स्वच्छ, होलोग्राम परतलेले नाहीत. मागच्या डाव्या दारावर मुठीच्या खाली नखांचे नवे बारीक चरे, मुठीच्या खाचेतले. मऊ क्लिअर तिथेच आधी बोलतो. पॉलिश केलं नाही, मुठीच्या खाचेत पारदर्शक फिल्मचा तुकडा लावायचा, तो सियागंज बाजारातून आणायचाय. उजव्या बाजूला बोअरच्या पाण्याचे दोन ताजे डाग, व्हिनेगरने गेले. शेजारच्या बागेचा फवारा गाडीपर्यंत येतो, गाडी दोन हात पुढे लावायला सांगितलं.